खळ्यातली माती

संजनाबाईंनी पहिलीच्या पोरांना घरून ओंजळभर माती आणायला सांगितली आणि सड्यावरच्या वाडीत ही गोष्ट कुणाच्याच घशाखाली उतरली नाही. रंगपेटी आणा म्हटलं असतं तर लोकांनी कुरकुरत का होईना, आणून दिली असती. पण माती? तीही शाळेच्या अंगणातली चालणार नाही, रस्त्यावरची चालणार नाही. ज्याने त्याने आपल्या घरापुढच्या खळ्यातलीच आणायची.

आनंदी तेव्हा सड्यावर, वाडीमागच्या कातळाच्या पठारावर, गवत कापत होती. भात घरात आलं होतं, दिवाळी होऊन गेली होती आणि कातळावरचं गवत पिवळं पडून अंगाला टोचायला लागलं होतं. खाली मिठबावच्या बाजूला समुद्र नुसता चकाकत होता, वारा म्हणून नव्हता. अक्षया शाळा सुटल्यावर सरळ वर आली, दप्तर भाऱ्यावर टाकलं आणि बाईंचा निरोप सांगितला. आनंदीने विळा थांबवला.

"कित्याक व्हयी माती?"

"लिवक. मातयेत लिवचा आसा."

"आणि पाटी?"

"पाटी मगे, म्हणान सांगल्यानी बाईंनी."

पुढचा भारा आनंदीने इतका आवळून बांधला की दोर तुटला. माती मागणारी माणसं वाडीने पूर्वी पाहिलेली होती. काही वर्षांमागे टोप्या घातलेले दोन तरुण आले होते. कॉलेजचा अभ्यास आहे म्हणाले. गोड बोलले, तुकारामाच्या दुकानापुढे बसून शहाळी प्यायले, आणि ज्याच्या त्याच्या जागेतली चिमूट चिमूट माती प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून, वर नावं चिकटवून घेऊन गेले. पुढच्या वर्षी पांढऱ्या गाडीतून जमिनीचे दलाल उतरले. कुणाचा तुकडा किती, कुणाचं कुणाशी पटत नाही, हे त्यांना घरच्यांपेक्षा जास्त ठाऊक. आता व्हाळाच्या पाण्यापलीकडच्या डोंगराला काटेरी तार आहे आणि तिथे गुरं नेली तर राखणदार अंगावर येतो. त्या टोपीवाल्यांचा आणि ह्या दलालांचा संबंध कुणी सिद्ध केला नाही. पण तेव्हापासून वाडीत कुणी पाणी मागितलं तर मिळतं, चहाही मिळतो, माती मिळत नाही.

आणि ह्या बाई तर पार गोव्याच्या हद्दीवरच्या, दोडामार्गच्या. यंदाच बदलून आलेल्या, एकट्या, शाळेजवळच्या खोलीत राहणाऱ्या. बोलायला मऊ. मऊ बोलणाऱ्या माणसाचं आनंदीला पहिल्यापासूनच वावडं.

तरी माती द्यायला हवी होती, कारण पोरगी हटून बसली. संध्याकाळी नवरा बाबली यायच्या आधी आनंदीने करवंटी घेतली, खळ्यात उभी राहिली, वाकली, आणि पुन्हा सरळ झाली. तिची नजर गडग्याकडे गेली. चिऱ्यांचे तुकडे रचून केलेली ती कमरेएवढी भिंत, आणि पलीकडे बाबलीच्या चुलतभावाचं, सत्यवानाचं घर. एका पावसात हा गडगा कोसळला होता. सत्यवानाने तो परत रचला आणि रचताना हातभर आमच्या बाजूला सरकवला, असं बाबलीचं म्हणणं. सत्यवानाचं म्हणणं, उलट स्वतःच्याच बाजूला हातभर आत घेतला. तेव्हापासून भाऊ भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. घराण्याचा गणपती एकच, त्यामुळे चतुर्थीला दोघं एकाच आरतीला उभे राहत, आणि दोघंही मूर्तीकडे अशा एकाग्रतेने बघत की बघणाऱ्याला वाटावं, काय ही भक्ती.

सत्यवानाकडे कुणी दिसत नव्हतं. आनंदीने गडग्यावरून अंग झुकवलं आणि त्यांच्या तुळशीच्या बुडाशी करवंटी खुपसली. मध्ये अक्षयाने काहीतरी विचारायला तोंड उघडलं तेव्हा तिला डोळ्यांनीच गप्प केलं. नमुना जायचाच असेल तर त्यांच्या जमिनीचा जाऊ दे. आनंदीला ह्यात फार वाईट वाटलं असं म्हणता येणार नाही.

अक्षयाच्या लिहिण्याची आनंदीने पार आशा सोडली होती, हे तिने बाबलीलाही सांगितलं नव्हतं. ती स्वतः दहावीपर्यंत शिकलेली. पोरगी शाळेत जायच्या आधीच तिला पाटीवर बसवून, हात धरून, अ गिरवून घ्यायला लागली होती. अक्षया पेन्सिल मुठीत धरायची, विळा धरतात तशी, आणि तशीच ओढायची. पाटीवरच्या पेन्सिली कटाकट मोडायच्या, कागद फाटायचा. मग पाठीत धपाटा. एकदा पाटी दिसेनाशी झाली ती गवताच्या उडवीत सापडली. चेडू मंद तर नाही ना, हा विचार आनंदीला चुलीपुढे बसल्यावर यायचा आणि जाता जायचा नाही. त्यात पलीकडे सत्यवानाची बायको किशोरी. तिची दीपिका अक्षयाच्याच वर्गात. ती आपलं नाव लिहायची आणि किशोरी ते खळ्यात मोठ्याने वाचून घ्यायची, गडग्याच्या अलीकडे नीट ऐकू येईल अशा बेताने.

संजनाबाईंच्या शाळेत पहिले कितीतरी दिवस पेन्सिलच नव्हती. चिकणमातीचे साप वळायचे, अबोलीची फुलं दोऱ्यात ओवायची, रद्दी कागदाच्या पट्ट्या फाडायच्या, हवेत सबंध हात फिरवून मोठमोठी वर्तुळं काढायची. वाडीतल्या बायकांनी नाकं मुरडली. फुलां ओवूक शिकवचा तर शाळा कित्याक, असं किशोरीने विहिरीवर विचारलं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा आनंदीला तिचं म्हणणं पटलं होतं.

मग माती आली. बाईंनी आंब्याच्या जुन्या पेट्यांच्या फळ्या घेतल्या, कडेने पट्ट्या ठोकल्या. मुलांनी फळीवर आपली माती पसरायची आणि बोटाने लिहायचं. चुकलं तर तळवा फिरवायचा, की संपलं. मोडायला काही नाही, फाटायला काही नाही. आठवडा गेला असेल नसेल, आनंदी भाकरी थापायला बसली तर परातीतल्या पिठात एक अ काढलेला. पाठ जरा वाकडी, पण अ तो अ. तिने अक्षयाकडे पाहिलं. ती चुलीपुढच्या राखेत बोट घालून बसली होती. एक बोट. बाकीची चार नीट मिटून, अंगठा आत.  त्या पिठाची भाकरी तिने सगळ्यात शेवटी थापली.

दुसऱ्या दिवशी गवताचा भारा खाली नेताना ती मुद्दाम शाळेवरून गेली आणि खिडकीतून आत डोकावली. आत भिंतीला दोरी बांधलेली, दोरीला पारदर्शक पिशव्या अडकवलेल्या. कुणात तांबडी माती, कुणात काळपट, कुणात पांढरट रेती. प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी आणि चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात पोराचं नाव. पोरं आपलं नाव शोधत होती आणि आपली पिशवी काढून घेत होती. बाई मोबाइलवर फोटो काढत होत्या. आनंदीच्या मानेवर भारा होता तरी ती बराच वेळ उभी राहिली. पोरगी नाव वाचायला शिकत होती, हे तिला दिसत होतं. आणि नाव लिहिलेल्या मातीच्या पिशव्या तिने पूर्वी कुठे पाहिल्या होत्या, हेही तिला आठवत होतं.

बाबली दुसऱ्याच्या बागा फवारायचं काम करी. मोहोर यायच्या दिवसांत पाठीवर पंप घेऊन तो सडाभर हिंडे आणि संध्याकाळी औषधाच्या वासाने त्याला जेवण जात नसे. एका दिवशी तो कामावरून लवकर आला तो थेट तुकारामाच्या दुकानावर. सड्याच्या टोकाला कातळावर लाल रंगाच्या खुणा होत्या. काल नव्हत्या, आज होत्या. एका ओळीत, वाडीच्या दिशेने येणाऱ्या. कुणी केल्या, ठाऊक नाही.

तुकाराम वाडीत वयाने मोठा, आणि टोपीवाल्यांना शहाळी त्यानेच पाजली असल्यामुळे ह्या बाबतीत त्याचा संशय सर्वांत पक्का. त्याने नातवाला, ओमकारला, बोलावून शाळेत मातीचं काय करतात ते विचारलं. ओमकारने सांगितलं, पिशव्यांवर नावं आहेत, बाई फोटो काढतात आणि कुणालातरी पाठवतात. कुणीतरी म्हणालं, बाईंचा भाऊ गोव्यात कसल्याशा कंपनीत आहे.  सगळं जुळलं होतं. जुळलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायला वाडीला फार वेळ लागत नाही.

बाबलीने घरी येऊन पाय धुतले नाहीत. पेज तशीच निवत राहिली.

"माती तू दिलंस?" त्याने विचारलं.

"दिलंय," आनंदी म्हणाली.

"आपल्या खळ्यातली?"

तिने चुलीत लाकूड सारलं आणि धूर झाला, त्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही. खरं सांगितलं असतं तर बाबली खूश झाला असता, आणि तीच तर भीती होती. सत्यवानाची माती पाठवली म्हणून त्याने सकाळी दुकानावर मिरवलं असतं, दुपारपर्यंत ते गडग्यापलीकडे पोचलं असतं, आणि मग चतुर्थीची आरतीसुद्धा वेगळी झाली असती.

"माती परत हाडूची," बाबली म्हणाला. "तवसर चेडू शाळेत जावचा नाय."

बाबलीसारखंच घराघरात ठरलं. सकाळी शाळेची घंटा झाली आणि वाडीवरून एकही पहिलीचं पोर खाली उतरलं नाही. शाळेचा पट आधीच इतका कमी की वरून दरवर्षी पत्र यायचं, शाळा बंद करून पोरं खालच्या गावात पाठवा म्हणून. खालचं गाव म्हणजे शाळेच्याही खाली, घाटी पार उतरून, व्हाळ ओलांडून. पावसाळ्यात सहा वर्षांच्या पोरीने तिथे जाणं शक्य नव्हतं. हे आनंदीला कळत होतं. तुकारामालाही कळत होतं, पण त्याचा नातू पुढल्या वर्षी इंग्रजी शाळेत जायचा होता.

अक्षया आईबरोबर सड्यावर यायला लागली. पहिल्या दिवशी तिने सबंध पायवाटेच्या धुळीत अ काढले. गवत तुडवत येणाऱ्या गुरांनी ते मोडले, तिने परत काढले. दुसऱ्या दिवशी विचारलं, शाळेत कधी जायचं? पुढे पुढे तिने विचारणं सोडलं. मग एके दुपारी आनंदी पाणी प्यायला सावलीत आली तर पोरगी काटकी घेऊन जमीन खरवडत होती. अक्षर वगैरे काही नव्हतं, नुसते ओरखडे. काटकी मुठीत होती, विळा धरतात तशी. आनंदीने तिची बोटं सोडवायला हात घातला तर तिने मूठ आणखी आवळली. आनंदी तिथेच उकिडवी बसली आणि पदराने तोंड पुसलं. घाम होता, आणि घाम नव्हता तोही होता.

ह्या सगळ्यात तिच्या एक गोष्ट लक्षात आली. वाडीतल्या साऱ्या बायका चेहरे पाडून हिंडत असताना किशोरी मात्र निवांत होती. विहिरीवर बाकीच्या जणी कंपनी, तार, राखणदार असं बोलत असायच्या, आणि किशोरी शांतपणे कळशी घासत बसायची. जेमतेम हूं करायची. जमीन गेली तर हिची काय कमी जाणार होती? मग हिला भीती का नाही? आपल्याला भीती नाही त्याचं कारण आपल्याला ठाऊक आहे. हिचं कारण काय?

आनंदी कळशी भरून घरी आली, ती कळशी खाली न ठेवताच गडग्याकडे गेली. गडग्याला लागून तिचा फणस. फणसाच्या बुडाशी, गडग्यापासून हात पोचेल एवढ्या अंतरावर, एक खळगा होता. उंदराचा नव्हे, कोंबडीने उकरलेला नव्हे. कडा कशा साफ, आमटीच्या डावाने काढल्यासारख्या.

आनंदीचं अंग तापलं. आमची माती! चोरून! तिने कळशी ठेवली, पदर खोचला, पलीकडे तोंड करून श्वास घेतला, आणि तोंड उघडलं तेवढ्यात तिला समोर किशोरीची तुळस दिसली. तुळशीच्या बुडाशी तिच्या स्वतःच्या करवंटीचा गोल खळगा अजून तसाच होता. आनंदीने तोंड मिटलं. कळशी उचलली आणि घरात गेली. त्या दिवशी तिने भांडी इतकी आपटली की बाबलीने दोनदा विचारलं, काय झालं.

शेवटी पुरुषमाणसांनी ठरवलं की शाळेत जाऊन जाब विचारायचा. सगळे गेले, बायका मागून गेल्या, आणि पोरं कुणी बोलावली नसताना आली. संजनाबाई पायरीवर उभ्या राहिल्या. वय फार नव्हतं. घाबरल्या होत्या, पण दारातून हलल्या नाहीत. त्या शाळेतल्या भाषेत, नीट मराठीत, समजावून सांगू लागल्या, की पेन्सिल धरायच्या आधी बोटांना वळण लागावं लागतं, घरची माती असली की मुलं बिचकत नाहीत, नाव मोठं लिहिलं की ती ते ओळखायला शिकतात, आणि फोटो दुसऱ्या शाळांतल्या शिक्षकांना दाखवायला असतात. ती मराठी जितकी शुद्ध होत गेली तितके लोकांचे चेहरे घट्ट होत गेले. कचेरीतली माणसं अशीच बोलतात.

"ता सगळा बरोबर," तुकाराम म्हणाला. "नमुनो खंय पाठवलात, ता सांगा."

बाई थांबल्या. त्यांचं पुढचं वाक्य शाळेतल्या भाषेत आलंच नाही.

"म्हाका तुमची माती कित्याक जाय?" त्या म्हणाल्या. "आमच्याकडे माती ना काय? माझ्या बापायन उभो जल्म केळी लावण्यात घालवलो."

दोडामार्गकडची ती गोव्याला चिकटलेली बोली ऐकून मागच्या बायकांनी माना वर केल्या. कुणाच्यातरी माहेरची होती ती. पण बाबली मागे हटणारा नव्हता. तो पुढे आला आणि म्हणाला, "ज्येची माती तेका परत मेळाक व्हयी."

बाई आत गेल्या आणि एक फळी घेऊन आल्या. मग दुसरी, तिसरी. पायरीवर ओळीने मांडल्या. सगळ्या फळ्यांवर एकच रंग होता, ना तांबडा ना काळा, सगळ्यांची माती एकत्र झालेला. पोरं एकमेकांच्या फळीवर बसायची, माती सांडायची, परत भरायची. पिशव्यांवरची नावं तेवढी वेगळी राहिली होती. नमुना घेणारा माणूस सगळ्यांचे नमुने असे एकत्र कालवील का, हा प्रश्न बाबलीच्या मनात आला असावा, कारण त्याने खाली बघितलं. पण तुकाराम म्हणाला, आपली माती आपल्याला ओळखता येते.

"ओळखा," बाई म्हणाल्या. मग पोरांकडे वळल्या. "सांगा रे, कुणाची माती कशी होती? कुठून आणली होती?"

अक्षयाला बाईंनी इतक्या दिवसांनी काहीतरी विचारलं होतं. तिने हात वर केला. आनंदीला पुढे झेपावून तिचं तोंड दाबावंसं वाटलं, पण मध्ये माणसं होती.

"माझी माती सत्यवानकाकांच्या तुळशीकडची," अक्षया म्हणाली. "आयेन काढल्यान."

सत्यवानाने मान वळवली. आनंदी पुढच्या बाईच्या पाठीआड सरकली. पण अक्षयाला शाबासकी मिळेल असं दीपिकाला वाटलं असावं. तिनेही हात वर केला.

"माझी अक्षयाच्या फणसाकडची. डावान काढली."

मग काय, पोरांना चेव आला. कुणाची माती देवळामागची, कुणाची व्हाळाच्या काठची. एकीने सांगितलं, आमची शाळेच्याच मैदानातली, पिशवी लाल दिसावी म्हणून वर थोडी विटेची पूड. सगळ्यात शेवटी ओमकारने आजोबांकडे एकदा पाहून सांगितलं, की त्याची माती एसटीच्या थांब्याकडची, आणि ती देताना आजोबा म्हणाले होते, घेऊ देत तपासून.

कुणीतरी फिसकन हसलं आणि खोकल्याचं निमित्त केलं. साऱ्या वाडीत एकाही घराने स्वतःच्या खळ्यातली माती दिलेली नव्हती. बाबली सत्यवानाकडे वळला, सत्यवान बाबलीकडे. कित्येक वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंड असं समोरून पाहिलं नव्हतं.

"तुझ्या बायलेन," सत्यवान म्हणाला.

"तुझ्या बायलेन," बाबली म्हणाला.



बाई हसल्या नाहीत. त्यांनी एकेक फळी उचलली आणि पायरीखाली उपडी केली. लहानसा ढीग झाला. "न्या," त्या म्हणाल्या, "ज्याची असेल त्याने." आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. ढिगाला कुणी हात लावला नाही. लोक एकेक करून पांगले. घाटी चढताना तुकाराम मात्र पुन्हा पुन्हा म्हणत होता, खुणा लाल आहेत ते खोटं नाही. खुणांचं म्हणाल तर पुढे विजेच्या खांबांचं काम निघालं आणि खुणा त्याच्याच, असं सांगण्यात आलं. वाडीने ते अर्धंच खरं मानलं.

घरी आल्यावर बाबली कितीतरी वेळ पंपाचा नळ उगाचच पुसत बसला.

"तुळशीकडची?" त्याने विचारलं.

"होय."

"बरा केलंस," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, नळ खाली ठेवून, "बरा नाय केलंस."

पोरं परत शाळेत गेली. आनंदीला वाटलं, संपलं. पण संध्याकाळी अक्षयाने दप्तरातून पाटी काढली. पाटीवर रेषा मारलेल्या, अ गिरवायला दिलेला, आणि पाटीवरच्या पेन्सिलीचे दोन तुकडे. बाईंनी फळ्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या, वाडीला पाटी हवी तर पाटी. अक्षयाने मुठीत तुकडा धरला, दात खाल्ले आणि ओढलं. तुकड्याचे आणखी दोन तुकडे झाले. तिने आईकडे पाहिलं आणि धपाटा चुकवायला पाठ आधीच वाकवली. मारणाऱ्या हाताची पोरीला इतकी सवय असावी, ह्याची आनंदीला लाज वाटली. आपण जमिनीला जपत बसलो आणि ही हातची चालली, एवढं तिला स्वच्छ कळलं.

सकाळी तिने सारवलेल्या खळ्याचा कोपरा आपल्या हाताने उकरला. भीती गेली होती असं नाही. माती डब्यात भरतानाही तिने दोनदा रस्त्याकडे पाहिलं. बाबली दारात उभा होता. त्याने बघितलं, पंप पाठीवर चढवला आणि सड्याची वाट धरली.

घाटीच्या वळणावर तिला पुढे किशोरी दिसली. एका हाताला दीपिका, दुसऱ्या हातात पदराखाली डबा.  दोघी शाळेच्या पायरीपर्यंत एकीपाठोपाठ एक चालत गेल्या आणि तिथे थांबल्या. परवाचा ढीग अजून पायरीखाली होता, कोंबड्यांनी पसरलेला.

आनंदीने किशोरीच्या डब्याकडे पाहिलं. किशोरीने पदर बाजूला केला, झाकण काढलं आणि डबा पुढे धरला. आनंदीने आत हात घातला, चिमूट काढली, बोटांत चोळली. आत कोंड्याची राख होती. खळ्यावर कोंड्याची राख टाकणारी वाडीत किशोरी एकटीच. माती तिचीच होती.

मग आनंदीने आपला डबा उघडला. किशोरीने चिमटीने वरची माती घेऊन वास घेतला. तेवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. तिने हात मनगटापर्यंत आत घातला आणि तळाची माती वर काढून बघितली. खालीही तीच होती, शेणाने सारवलेली, वर आंब्याच्या पानाचा चुरा.

"तुझीच आसा," किशोरी म्हणाली.

"आणि तुझी तुझी," आनंदी म्हणाली.

संजनाबाई दारात येऊन उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. त्यांनी दोघींच्या मातीने माखलेल्या हातांकडे पाहिलं, आत गेल्या आणि एकच फळी घेऊन आल्या. दोघींनी आपापले डबे तिच्यावर उपडे केले. अक्षया खाली बसली, तळव्याने माती सपाट केली. आनंदी अक्षराकडे बघत नव्हती, तिचं सगळं लक्ष पोरीच्या मुठीवर होतं. मूठ थोडा वेळ तशीच आवळलेली राहिली, मग तिच्यातून एक बोट बाहेर आलं.